हेडफोनवर भारी, मोठ्या सेटअपवर गायब: ग्रोल बेस कसा बनवायचा?

अर्धा_हर्ट्झ
नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. १४० च्या स्पीडला डबस्टेप टाइप ट्रॅक करतोय, एफ मायनरमध्ये, एफएल स्टुडिओ (ट्रॅक बनवायचं सॉफ्टवेअर) आणि फ्रीवालं व्हायटल (सॉफ्टवेअर सिंथ), बाकी काही विकत घेतलेलं नाही आणि सध्या घ्यायची ऐपतही नाही. मला तो काळा, घशातून येतो तसा गुरगुरणारा बेस, म्हणजे ग्रोल, पाहिजे, यॉय-यॉय करणारा, कोणीतरी काहीतरी बोलतंय पण शब्द कळत नाहीयेत असा. माझा जो होतो तो मिक्सरमध्ये ओलं खोबरं वाटायला घेतल्यासारखा एकसुरी घर्रर्र होतो, बास.

आत्ताचा पॅच असा आहे की दोन सॉ (करवतीच्या दात्यांसारख्या लाटा), दोन्हीला सात-सात युनिझन (एकाच आवाजाच्या सात-सात प्रती), डीट्यून भरपूर (म्हणजे प्रती एकमेकींपासून किंचित बेसूर), लो पास फिल्टर (वरचं कापणारा) त्याला एलएफओ (नॉब आपोआप हलवणारी मंद लाट), मग डिस्टॉर्शन फुल, त्यावर ओटीटी (कॉम्प्रेसर प्लगइन) फुल, आणि त्याच पॅचमध्ये तिसरा ऑसिलेटर साइन, सबसाठी (सगळ्यात खालचा बेस). हेडफोनवर जाड वाटतं, मजा येते. पण मित्राच्या ओळखीने एका कार्यक्रमाच्या टेस्टिंगला पेनड्राइव्हवरून लावला तर किक आली, स्नेअर आला, बेसच्या जागी नुसती हवा हलत होती, गुरगुर शून्य. त्यात सब एका नोटला दणकून येतो आणि तीच नोट परत वाजली की अर्धाच. फोनवर तर ट्रॅकमध्ये बेस आहे हेच कळत नाही.

डिस्टॉर्शन अजून वाढवू का? का वेव्हटेबल चुकीचा आहे? यूट्यूबवर सगळे सीरम (विकतचा सिंथ) उघडतात आणि तिसऱ्या मिनिटाला स्वतःचा प्रीसेट पॅक विकायला लागतात.

प्रीसेटवाला
पॅक घे, मॅक्रो फिरव, ट्रॅक संपव. ऐकणाऱ्याला काय फरक पडतो रे तू स्वतः बनवला का नाही. इथे लोक वर्षभर एकच बेस घासत बसतात आणि ट्रॅक आठ बारच्या पुढे जात नाही.

खर्जातला_माणूस
वरच्यांचं ट्रॅक संपवायचं म्हणणं बरोबर आहे, पण पॅक घेऊन याचा प्रॉब्लेम सुटणार नाही, कारण पॅच कुठलाही असला तरी सब आणि मिड एकाच डिस्टॉर्शनमध्ये घातले तर हेच होणार.

अर्धा हर्ट्झ, डिस्टॉर्शन वाढवू नकोस, आधी कमी कर. गुरगुर म्हणजे घाण नव्हे, गुरगुर म्हणजे हालचाल, आणि ती सबमध्ये नसतेच, ती साधारण १५० हर्ट्झपासून दोन-अडीच हजार हर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात असते. तू बोलताना आ वरून ई वर जातोस तेव्हा स्वर तोच राहतो, फक्त तोंडाचा आकार बदलतो आणि वेगळे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) फुगतात. पुरुषाच्या आवाजात आ ला ढोबळ ७०० आणि ११०० च्या आसपास दोन उंचवटे असतात, ई ला ३०० आणि थेट २३००, ऊ ला ३०० आणि ८००-९००. यॉय हा आवाज म्हणजे ई वरून ऑ वर आणि परत ई वर. तू एक लो पास उघड-बंद करतोयस, त्यात एकच कड वरखाली होते म्हणून फक्त वाव-वाव येतं. बोलल्यासारखं वाटायला कमीत कमी दोन उंचवटे पाहिजेत आणि ते एकमेकांपासून जवळ-लांब जायला पाहिजेत. व्हायटलच्या फिल्टरमध्ये फॉरमंट म्हणून प्रकार आहे (फॉरमंट म्हणजे हेच उंचवटे), तो लाव, नाहीतर कोम (comb) फिल्टर लाव, नाहीतर पॅरामेट्रिक इक्यूचे दोन बँड वेगवेगळ्या दिशेने ऑटोमेट कर, काम तेच होतं. (फ्री व्हायटलमध्ये इंजिन पूर्ण आहे, प्रीसेट आणि वेव्हटेबल तेवढे कमी देतात, त्यामुळे सीरम नाही म्हणून रडायचं कारण नाही.)

आता युनिझन. सात-सात म्हणजे चौदा सॉ झाल्या, त्या एकमेकींची हालचाल पुसून टाकतात, पॅडला छान, ग्रोलला नाही. दोनच सॉ ठेव, युनिझन बंद. तुझा खालचा एफ ४३.६५ हर्ट्झ आहे. दोन सॉमध्ये १० सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक ठेवला तर मूळ स्वरात पाव हर्ट्झचा बीट पडतो (आवाज कमी-जास्त होण्याची लाट), म्हणजे चार सेकंदांत एकदा दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात, पण दहाव्या हार्मोनिकमध्ये तोच बीट दहापट वेगाने म्हणजे सेकंदाला अडीच वेळा पडतो, विसाव्यात पाच वेळा. प्रत्येक हार्मोनिक आपापल्या वेगाने वरखाली होतोय, आणि रीस बेसमध्ये (डीट्यून केलेल्या सॉचा बेस) जी न थांबणारी घुसळण ऐकू येते ती हीच, त्यासाठी एलएफओची पण गरज लागत नाही.

आणि यातच तुझ्या सबचं उत्तर आहे. सॉचा स्वतःचा फंडामेंटल (मूळ स्वर) चार सेकंदांत एकदा गायब होतोय, वर तू त्याच फ्रीक्वेन्सीला साइन मिसळलास, आणि व्हायटलमध्ये ऑसिलेटरची फेज डिफॉल्टने रँडम असते, म्हणजे प्रत्येक नोटला साइन आणि सॉ कुठल्या फेजमध्ये भेटतील ते नशिबावर. कधी बेरीज कधी वजाबाकी. म्हणून सब वेगळ्या चॅनेलवर काढ, शुद्ध साइन, फेज रँडम शून्य, मोनो, त्यावर काहीही लावायचं नाही. मिड बेसला १०० च्या आसपास चांगल्या उताराचा हायपास (खालचं कापणारा फिल्टर). मग वरच्याचं काय वाटेल ते कर, खालचा हलणार नाही.

सब बाजूला काढायचं अजून एक कारण आहे. डिस्टॉर्शनमध्ये दोन फ्रीक्वेन्सी घातल्या की त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्या नव्याने तयार होतात. ४४ चा जोरदार साइन आणि वर डीट्यून केलेला सगळा पसारा एकत्र घातलास की त्या वजाबाक्या खाली येऊन चिखल करतात, आणि सबची लाट मोठी असल्यामुळे सगळं मिड तिच्या टोकांना जाऊन चिरडलं जातं. टेस्टिंगला तू जी हवा म्हणतोयस ती बहुतेक हीच.

वेव्हटेबल_वैशाली
रीसबद्दल वर सांगितलंय ते एकदम पटलं, पण यॉय-यॉयसाठी मी सॉपासून सुरूच करणार नाही, एफएम ने (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन, एका ऑसिलेटरने दुसऱ्याची फ्रीक्वेन्सी हलवणं) जाईन. जॉन चाउनिंगने स्टॅनफर्डला हे शोधलं, पेपर १९७३ चा, मग यामाहाचा डीएक्स७ सिंथ आला १९८३ मध्ये, आणि डबस्टेपवाल्यांनी एफएम८ या सॉफ्टवेअर सिंथमधून तेच तंत्र अंगणात आणून आदळलं.

करायचं असं की ऑसिलेटर एक साइन, ऑसिलेटर दोन पण साइन, पहिल्याच्या मोडमध्ये दोनवरून एफएम निवड, आणि दोनची लेव्हल शून्य ठेव म्हणजे तो स्वतः ऐकू येणार नाही. दोन्ही एकाच सप्तकात असतील तर सगळे हार्मोनिक येतात, मॉड्युलेटर एक सप्तक वर नेलास तर फक्त विषम येतात, आवाज पोकळ होतो, आणि मधेच कुठेतरी अडकवलास तर धातू वाजल्यासारखं होतं, ते पण कधीकधी पाहिजे असतं. आता एफएमची मात्रा एलएफओने हलव. फिल्टर हलवला की आवाज उजळ नाहीतर मंद होतो एवढंच, एफएममध्ये मात्रा वाढत जाताना प्रत्येक हार्मोनिक वेगळ्या वेळी वर येतो आणि वेगळ्या वेळी शून्यावर जातो, त्यामुळे स्वर बदलतोय असं कानाला आपोआप वाटतं. एकही फॉरमंट फिल्टर न लावता. मूळ फंडामेंटलसुद्धा मधेच गायब होतो, म्हणून इथेही सब वेगळा हे आलंच.

एलएफओचा आकार नुसता त्रिकोण किंवा साइन ठेवू नकोस, हाताने काढ. सुरुवातीला पटकन वर, मग थोडं थांबून वाकडा उतार. १४० ला एक बीट ४२८ मिलिसेकंदाचा, एट्थ २१४, ट्रिप्लेट १४३. बोलण्यातला एक अक्षर उच्चारायचा वेळ याच घरातला आहे, म्हणून एट्थ आणि ट्रिप्लेट बोलल्यासारखे वाटतात आणि थर्टी-सेकंड लावलं की नुसती गिरगिर होते. आणि सगळ्या नोटला एकच एलएफओ नको ना, एका नोटला एट्थ, पुढच्या दोन ट्रिप्लेट, चौथी गप्प. बरेच जण आवाज छान बनवतात आणि मग तो सलग वाजवत ठेवतात. बोलणारा माणूस श्वास घेतो.

अजून एक, घशाची खरी खरखर कुठून येते ते बघ. रशियातल्या तुवा प्रांताचे गायक जो कारगिरा (घशातून गायचा प्रकार) गातात त्यात गळ्यातल्या खोट्या स्वरपट्ट्या खऱ्यांच्या निम्म्या वेगाने थरथरतात आणि एक सप्तक खालचा स्वर निर्माण होतो. हे सिंथमध्ये करायचं तर मिड बेसचा आवाज त्याच नोटच्या निम्म्या फ्रीक्वेन्सीने कमी-जास्त कर, म्हणजे कीट्रॅक केलेला (नोटप्रमाणे वेग बदलणारा) एलएफओ किंवा एक सप्तक खालचा ऑसिलेटर मॉड्युलेटर म्हणून. मात्रा थोडीच, वीस-तीस टक्के. एकदम अंगावर येतं.

आणि हो, व्हायटलमध्ये शब्द टाइप करून त्याचा वेव्हटेबल बनवायची सोय आहे, फ्रीमध्ये मर्यादा आहे पण आहे. मी "कावळा" टाइप केलं होतं, तो पॅच अजून वापरते.

अर्धा_हर्ट्झ
ताई कावळा 😂 आत्ताच करून बघतो. खर्जातले दादा, सब वेगळा केला, फेज शून्य केली, प्रत्येक नोट आता सारखी येते, हे एकच इतकं डोक्यात गेलं होतं ना. पण डिस्टॉर्शन नक्की फिल्टरच्या आधी का नंतर? आणि माझी खोली दहा बाय दहाची आहे, मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) घेतले तर फायदा होईल का?

खर्जातला_माणूस
दोन्हीकडे. फिल्टर, मग डिस्टॉर्शन, मग परत फिल्टर. पहिला फिल्टर हलतो आणि डिस्टॉर्शनच्या तोंडात दर क्षणी वेगळं काहीतरी घालतो, त्यामुळे डिस्टॉर्शनमधून बाहेर पडणारे हार्मोनिक पण बदलत राहतात. तू फिल्टर एकदाच हलवून नंतर सगळं फुल चिरडतोयस, त्यात जी काही हालचाल होती ती सपाट झाली. न्यूरोवाले (ड्रम अँड बेसचा एक प्रकार) तर पहिल्या जागी एकाऐवजी दोन-तीन अरुंद नॉच (एकच पट्टा कापणारे फिल्टर) ठेवतात आणि हळू सरकवतात, फेझर म्हणजे शेवटी तेच. डिस्टॉर्शनचा प्रकार पण बघ, वर-खाली सारखं कापणारा क्लिपर साइनमधून फक्त विषम हार्मोनिक काढतो, एका बाजूला जास्त कापणारा सम पण काढतो आणि आवाज भरतो. एफएलचा वेव्हशेपर उघडून एकच अर्धा वाकव, ऐकू येईल. ओटीटी २०-३० टक्क्यांच्या पुढे नको, तो हळू आवाजाला वर खेचतो, फुल लावला की नोटच्या शेवटची खरखर पण नोटइतकीच मोठी होते आणि श्वास घ्यायची जागा संपते.

मॉनिटरचे पैसे वाचव. दहा फूट म्हणजे तीन मीटर, त्या लांबीची पहिली लहर ५६ हर्ट्झच्या आसपास बसते, आणि तुझी खोली चौरस असल्यामुळे लांबी-रुंदी दोन्हींची तिथेच. म्हणजे ए ची नोट, ५५ हर्ट्झ, कोपऱ्यात बसलास तर घर हलेल आणि खोलीच्या मध्ये बसलास तर जवळजवळ ऐकूच येणार नाही. तशा खोलीत सबचा निर्णय कानाने घेण्यापेक्षा हेडफोन आणि स्पॅन बरा, वॉक्सेंगोचा ॲनलायझर आहे, फुकट आहे.

बेसबॉक्स_कोल्हापूर
भावा मी साउंडचं काम करतो, प्रोड्यूसर न्हाई, पण हे पेनड्राइव्हवालं दर सीझनला बघतोय म्हणून सांगतो.

बेस बॉक्सला काय जातंय आणि टॉपला (वरच्या स्पीकरला) काय जातंय हे आधी डोक्यात घे. क्रॉसओव्हर (दोघांत आवाज वाटणारी हद्द) ८० ते १२० मध्ये कुठंतरी असतो, त्याच्या वरचं सगळं टॉपमधनं येतं. म्हणजे तुझी गुरगुर बेस बॉक्समधनं येणारच न्हाई, ती टॉपची आहे, आणि लोक बेस बॉक्ससमोर उभं राहून गुरगुर शोधतात. दुसरं, खाली ३५-४० ला बहुतेक जण हायपास लावून ठेवतात, कारण पोर्टच्या ट्यूनिंगच्या खाली सिग्नल गेला की कोन लई हलतो आणि आवाज येत न्हाई, नुसता कॉइल जळायचा धोका. तुझा एफ ४३ म्हणजे काठावर आहे. आपल्याकडच्या मिरवणुकीच्या सेटअपला तर ठोका पाहिजे असतो, ५०-९० मध्ये सगळा जोर, त्यावर ४३ चा लांब सब म्हणजे हवाच येणार, तुझं काय चुकत न्हाई तिथं. जी किंवा ए ला ट्रॅक करून बघ, ४९ आणि ५५, लगेच फरक पडंल. न्हाईतर सबवर अगदी हलकं सॅच्युरेशन दे म्हणजे ८७ आणि १३१ ला थोडं काहीतरी येईल.

तिसरं म्हणजे मोनो. फिल्डवर डावं-उजवं एक करूनच वाजवत्यात बहुतेक ठिकाणी. तू युनिझन पसरवून ठेवलेला, फेज उलटी झाली की मोनोत मिड कटला, किक आणि स्नेअर राहिला. तू जे सांगितलंस ते डिट्टो हेच. मास्टरवर मोनो करून ऐक, गुरगुर गेली तर तिथंच सापडलं.

खर्जातला_माणूस
सबवर काहीही लावायचं नाही असं मी म्हटलं होतं पण त्यांचं सॅच्युरेशनचं म्हणणं फोनसाठी पण बरोबर आहे. फोनचा स्पीकर ४४ हर्ट्झ काढूच शकत नाही, पण वरचे हार्मोनिक ठराविक अंतराने आले की कान न वाजलेला मूळ स्वर स्वतः भरून काढतो. फक्त ते सबच्या चॅनेलवर वेगळं आणि हलकं कर, मिडबरोबर नाही. की बदलायचं मात्र मला पटत नाही, ट्रॅक त्याने मिरवणुकीसाठी केलेला नाहीये.

बेसबॉक्स_कोल्हापूर
जिथं वाजवायचं तिथलं बघून करावं माणसानं. बाकी तुझी मर्जी.

ब्रिस्टलकर
उशिरा आलो, कामावरून आत्ता सुटलो. सगळ्यांनी पॅचबद्दल लिहिलंय पण रीसँपलिंगचं (आवाज रेकॉर्ड करून त्या रेकॉर्डिंगवरच परत काम करणं) नाव कोणीच घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं, कारण माझ्या मते हे सगळं संगीत तिथूनच आलंय.

रीस हे नाव डेट्रॉइटच्या केविन सॉन्डरसनचं, १९८८ मध्ये त्याने या नावाने काढलेल्या एका टेक्नो रेकॉर्डमधला बेस, कॅसिओच्या सीझेड सिरीजच्या सिंथवर केलेला. तो स्वतः टेक्नोवाला, त्याला ड्रम अँड बेसशी काही देणंघेणं नव्हतं. इंग्लंडमधल्या जंगल नावाच्या संगीतप्रकारवाल्यांनी (ड्रम अँड बेस यातूनच निघालं) ती रेकॉर्ड सँपल केली, रे कीथने १९९४ मध्ये रेनेगेड नावाने काढलेल्या ट्रॅकमध्ये ती आहे, आणि मग अकाई आणि ई-म्यूच्या सँपलरमध्ये ती परत परत फिल्टर होऊन, पिच खाली होऊन, डिस्टॉर्ट होऊन फिरत राहिली. म्हणजे ज्याला आपण एक पॅच समजतो तो मुळात सँपलचा सँपल आहे. पुढे ड्रम अँड बेसवाले एड रश आणि ऑप्टिकल, मग नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचे नॉइझिया, हे सगळे त्याच परंपरेतले. डबस्टेप वेगळ्या रस्त्याने आलं, दक्षिण लंडनच्या क्रॉयडनमधून, २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, आणि तेव्हा ते बरंचसं सब आणि शांतता होतं, गुरगुर नंतर चढली.

तर करायचं काय, वैशाली यांचा एफएम पॅच लाव, एकच लांब नोट धर, सोळा बार रेकॉर्ड करत सगळे नॉब हाताने फिरव, एलएफओ सिंक न ठेवता मोकळा सोड. एडिसनमध्ये (एफएलचा रेकॉर्डर) ते घे. त्यात पंधरा सेकंद बेकार असेल आणि मधेच अर्धा सेकंद असा येईल की तो तू ठरवून कधीच बनवू शकला नसतास. तो काप. सँपलरमध्ये टाकून पाच स्वर खाली आण, म्हणजे फॉरमंट पण खाली येतील आणि घसा मोठा झाल्यासारखा वाटेल, मग त्यावर परत नॉच, परत डिस्टॉर्शन, परत रेकॉर्ड. दोन-तीन फेऱ्यांनंतर मूळ सिंथ कुठला होता ते ऐकून सांगता येत नाही, आणि म्हणून मला सीरम का व्हायटल या वादात रस नाही. प्रत्येक फेरीनंतर खालचं कापून टाकायचं मात्र विसरू नकोस, पिच खाली आणलं की कचरा पण खाली सरकतो.

ऑडिओ झालं की हात बांधले जातात हा पण फायदाच. पॅच उघडा असला की माणूस रात्री दोनला परत कटऑफ फिरवायला बसतो. वर प्रीसेटवाले जे म्हणाले आठ बारचं, त्यावरचं औषध हेच आहे.

प्रीसेटवाला
बघा, शेवटी माझ्यावरच आले सगळे. 😎

अर्धा_हर्ट्झ
दोन दिवस यावरच बसलोय. एफएम पॅच केला, निम्म्या फ्रीक्वेन्सीवालं पण केलं, ते लावल्यावर आईने दार उघडून विचारलं काय चाललंय. मोनोत ऐकलं तर जुना पॅच खरंच गायब होत होता, कोल्हापूरच्या दादांना मानलं. नवीन दोन सॉवाला मोनोत जसाच्या तसा राहतो. की एफच ठेवतोय पण दुसरी आवृत्ती जी मध्ये काढणार. एकच राहिलं, रीसँपल केलेल्या ऑडिओच्या नोट सबच्या नोटशी जुळत नाहीत, खाली आणल्यावर किंचित बेसूर लागतात. ट्यूनरमध्ये टाकलं तर काटा स्थिर राहत नाही.

वेव्हटेबल_वैशाली
राहणारच नाही, आत डीट्यून आणि एफएम दोन्ही आहे ना. ट्यूनर सोड. साइन सब चालू ठेव, वरचा सँपल फाइन पिचने हळूहळू सरकव, दोघांमधली लाट मंद होत होत थांबेल तिथे सोड. तरी जुळत नसेल तर सँपलला १५० पर्यंत हायपास कर, स्वर सबने ठरू दे. आणि पिच खाली करताना एफएलमध्ये स्ट्रेच मोड रिसँपलवर आहे ना ते बघ, दुसऱ्या मोडमध्ये लांबी तीच ठेवायच्या नादात तो खरखरीची वाट लावतो.

बेसबॉक्स_कोल्हापूर
जी वाली झाली की वेव्ह फाइल टाक इथं, एमपीथ्री नको. गोदामात दोन बेस दोन टॉप लावलेलंच आहेत, वाजवून सांगतो.